ओढीची पट्टी

शिरीष वायंगणकरांना वस्तूंविषयी बोलायला फार आवडायचं. माणसांचा विषय निघाला की ते दोन वाक्यांत आटोपतं घ्यायचे. पण मिक्सरच्या तीन वेगांपैकी मधला वेग नक्की कोण वापरतं, फ्रिजला आता बोलता येतं तर गप्प बसायला तो कधी शिकणार, ड्रायव्हर नसलेल्या रिक्षातून उतरतानाही आपण ‘बस, इथंच’ असं नेमकं कुणाला सांगतो, असल्या प्रश्नांवर ते तासभर रंगून जायचे. वीज खात्यातली नोकरी लवकर सोडून ते रत्नागिरीत मारुती मंदिरामागच्या एका इमारतीत राहत होते आणि दर आठवड्याला ‘खटका’ नावाचं छोटं ध्वनिमुद्रण लोकांना पाठवत होते. ते सहज सुचलेलं आणि कुणी न मागितलेलं असायचं. तरी ते ऐकणारे लोक दुबईपर्यंत पसरले होते, आणि नव्या वस्तू बनवणाऱ्या कंपन्या आपला माल त्यांच्याकडे वापरून बघायला पाठवू लागल्या होत्या.

‘खटका’ची पहिली श्रोती त्यांची बायको, रेवती. शनिवारी सकाळचा चहा झाला की शिरीष गॅलरीत खुर्ची ओढून तिला नवा मजकूर वाचून दाखवायचे. ती कपाची किनार बोटानं पुसत ऐकायची आणि शेवटी ‘छान झालंय’ म्हणायची.

रेवती एका शाळेत ग्रंथपाल होती, पण तिचा खरा जीव होता तो किनारा नाट्यमंडळात. हौशी नटांच्या या मंडळात ती वर्षानुवर्षं प्रॉम्प्टर होती. विंगेच्या आडोशाला संहिता धरून उभं राहायचं आणि रंगमंचावरचा नट अडला की प्रेक्षकांना कळणार नाही अशा बेतानं पुढचा शब्द त्याच्यापर्यंत पोचवायचा, हे तिचं काम. पन्नाशी उलटल्यावर एका तापात तिच्या दोन्ही कानांच्या नसा कमजोर झाल्या. जवळून मोठ्यानं बोललेलं कळायचं, पण चारजण एकदम बोलले की सगळ्यांचा एकच लगदा व्हायचा. नेहमीचं श्रवणयंत्र लावून पाहिलं. ते पंख्याची घरघरही वाढवायचं आणि माणसाचं बोलणंही, सारख्याच प्रमाणात. शेवटी तिनं मंडळात जाणं सोडलं. घरी कुणाकडे तक्रार केली नाही, पण संध्याकाळी ती लवकर झोपू लागली.

म्हणूनच पुण्यातल्या एका कंपनीनं ‘कर्णिका’ नावाचं नवं यंत्र चाचणीसाठी पाठवलं, तेव्हा शिरीषना मनापासून आनंद झाला होता.

कर्णिकेमागची कल्पना त्यांनी त्या आठवड्याच्या ‘खटका’मध्ये सोपी करून सांगितली. प्रत्येक माणसाच्या बोलण्याला स्वतःचे चढउतार असतात. आपण एखाद्याचं बोलणं लक्ष देऊन ऐकतो, तेव्हा आपल्या मेंदूतल्या बारीक विद्युत लहरी त्या चढउतारांच्या मागोमाग हलतात. खोलीत दहा आवाज असले, तरी मेंदूच्या लहरी मुख्यतः एकाच आवाजाची पाठ धरतात, ज्याच्याकडे लक्ष आहे त्याची. कर्णिकेच्या कानात बसणाऱ्या भागाला आतून चिमुकले संवेदक होते. कानाच्या कातडीवरून ते या लहरी टिपायचे. बाहेरचे माइक खोलीतले आवाज सुटे करायचे. मग यंत्र दोन्हींचा ताळा घ्यायचं, ज्या आवाजाशी लहरी जुळतील तो वाढवायचं आणि बाकीचे मागे सारायचं. निरोगी कान आणि मेंदू मिळून जे करतात तेच.

याच्यापुढेही एक पायरी होती. यंत्र सवयी शिकायचं. कोणत्या आवाजाकडे वापरणाऱ्याचं मन पुन्हा पुन्हा वळतं हे ते लक्षात ठेवायचं आणि तो आवाज कानावर पडताक्षणी, मेंदूची वाट न बघता, पुढे आणायचं. कंपनीतले इंजिनिअर या साठवलेल्या कलाला ‘ओढ’ म्हणायचे.

कर्णिका लावल्यावर काही दिवसांतच रेवती मंडळात परतली. एका स्पर्धेसाठी नव्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या होत्या. ती घरी आली की डोळ्यांत चमक असायची, आणि भाजी चिरता चिरता ती तालमीत काय काय झालं ते सांगायची. शिरीष खूश होते. यंत्राविषयी आणखी सविस्तर बोलता यावं म्हणून त्यांनी कंपनीकडे इंजिनिअरांसाठीचं पान मागितलं. ते ग्राहकाला दिसत नाही. कंपनीनं मोठ्या कौतुकानं ते त्यांच्या फोनवर उघडून दिलं. रेवतीला विचारावं असं ना कंपनीला सुचलं, ना शिरीषना.

त्या पानावर आडव्या रंगीत पट्ट्या होत्या. यंत्राला ओळखीच्या झालेल्या प्रत्येक आवाजाची एक. नावं नव्हती, नुसते रंग. पट्टी जितकी लांब तितकी ओढ जास्त, आणि सगळ्यांत लांब पट्टी सगळ्यांत वर. आवाज चालू असताना त्याची पट्टी लुकलुकायची.

“रेवती, आज भाजी कसली?” शिरीष खुर्चीतूनच म्हणाले.

सगळ्यांत खालची, नखाएवढी करडी पट्टी लुकलुकली.

त्यांना वाटलं, काहीतरी चुकलंय. त्यांनी पुन्हा काहीबाही विचारलं. पुन्हा तीच लुकलुकली. भाजीवाल्याचा आवाज त्यांच्या वर होता. खालच्या मजल्यावरचा वर्तमानपत्र मोठ्यानं वाचणारा म्हाताराही वर होता. बंगळूरहून मुलाचा फोन आला तेव्हा हिरवी पट्टी हलली. ती वरून दुसरी होती, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

शनिवारी त्यांनी मुद्दाम एक खोडी केली. कुकरच्या शिट्ट्यांवरचा मजकूर वाचता वाचता, आवाजात काही फरक न करता, ‘आणि मग कुकर उठला आणि चालत गणपतीपुळ्याला निघून गेला’ असं एक वाक्य घुसवलं. रेवती समोरच्या माडाकडे बघत होती. मजकूर संपल्यावर ती नेहमीच्याच मायेनं म्हणाली, “छान झालंय.”

त्या सकाळी शिरीषना जे वाटलं त्याला दुःख म्हणता आलं असतं. पण दुःखाला ते फार वेळ थारा देत नसत. दुपारपर्यंत त्याचं एका प्रश्नात रूपांतर झालं होतं. पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली, सगळ्यांत वरची केशरी पट्टी कुणाची? घरात ती कधीच लुकलुकत नव्हती.

नाटकातल्या दिव्यांवर ‘खटका’ करायचाय असं सांगून ते तालमीला गेले. शाळेच्या सभागृहात मंडळातले सातआठजण होते. सगळे रेवतीला ‘वहिनी’ म्हणत होते. दारातून एक उंच, किंचित वाकलेला माणूस आला आणि म्हणाला, “रेवती, दुसऱ्या अंकाची पानं आणलीस ना?”

शिरीषनी खिशातला फोन अर्धवट बाहेर काढून पाहिला. केशरी पट्टी लुकलुकत होती.

त्याचं नाव विद्याधर मयेकर. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा, पन्नाशीचा होता, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. नाटकात त्याची मुख्य भूमिका होती, आपलं गाव धरणाखाली देऊन आलेल्या एका म्हाताऱ्या नावाड्याची. त्याच्या आवाजात ताकद फारशी नव्हती, उलट थोडी खरखर होती. पण तो बोलायला लागला की सभागृहातले लोक हातातलं काम थांबवायचे. दुसऱ्या अंकात त्याचं मोठं स्वगत होतं. ते तो प्रेक्षकांकडे अर्धवट पाठ करून म्हणायचा आणि मध्येच इतका थांबायचा, की तो विसरलाय की मुद्दाम थांबलाय ते कुणालाच कळू नये. विंगेत रेवती संहिता छातीशी धरून उभी असायची, ओठ किंचित उघडे, मान त्याच्या दिशेला झुकलेली. शिरीष रोज तालमीला जाऊन तिची ती मान बघू लागले. घरी आपण बोलताना ती अशी कधी झुकली होती हे ते आठवू लागले, आणि आठवत काहीच नव्हतं.

दिव्यांवरचा मजकूर लिहून झाला नाही. त्यांना दुसरं काही सुचेना. ती भाजी चिरताना विद्याधरचं नाव किती सहज घेते, त्याचा विनोद सांगताना अर्ध्यातच कशी हसते, तालमीच्या दिवशी कुठली साडी नेसते, हे सगळं ते टिपू लागले. काही विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर, पट्टी कुठं बघितलीत, असं तिनं विचारलं असतं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी विद्याधरचा फोन आला. कर्णिका काढून टेबलावर चार्जिंगला ठेवली होती, म्हणून रेवतीनं फोन थेट कानाशी घट्ट धरला आणि शिरीषना फक्त तिचंच बोलणं ऐकू आलं. “घाबरू नकोस,” ती म्हणाली. “मी आहे ना तिथं.” मग ती हसली आणि फोन ठेवून आंघोळीला गेली.

शिरीषनी ते पान उघडलं. त्यावर यंत्राची दुरुस्ती करणाऱ्यांसाठी एक सोय होती. पट्टी बोटानं सरकवून तिला कुलूप लावता यायचं, म्हणजे मेंदू काहीही म्हणो, यंत्र तो आवाज तेवढाच ठेवणार. त्यांनी केशरी पट्टीवर बोट ठेवलं आणि ती करड्या पट्टीच्याही खाली नेली. कुलूप लावलं. संध्याकाळचा प्रयोग त्यांच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि त्यांनी तो बाजूला सारला. ही एवढी वर्षं हे काम करतेय, हातात संहिता आहे, निभावून नेईल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. बाथरूमचं दार उघडलं तेव्हा फोन खिशात होता.

पहिला अंक सरळ गेला. त्यात विद्याधर रेवतीच्या बाजूला तोंड करून बोलायचा आणि ती त्याच्या ओठांवरून शब्द ओळखत होती. तिला काहीतरी वेगळं जाणवत होतं, पण ते गर्दीमुळे असेल असं तिला वाटलं. दुसऱ्या अंकात त्यानं पाठ फिरवली आणि तिच्या कानातून तो नाहीसाच झाला. प्रेक्षकांतला खोकला ऐकू येत होता, मागं कुणीतरी खिळा उचलून ठेवल्याचं ऐकू येत होतं, आणि स्वगताच्या जागी नुसती शांतता. ती शांतता वाढत चालली तशी ती घाबरली. तो अडलाय असं समजून तिनं पुढचं वाक्य पुरवलं. तो अडला नव्हता, बोलतच होता. मध्येच आलेल्या शब्दानं तो दचकला, हातातलं वाक्य सुटलं, आणि आता खरोखरच अडला. त्याला दचकलेलं बघून आपण चुकलो हे तिला कळलं होतं. या वेळी ती गप्प राहिली, कारण मघाचीच शांतता तशीच चालू होती.

सभागृहात चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी हसलं. विद्याधर हळूहळू वळला आणि त्यानं विंगेकडे पाहिलं. नट रंगमंचावरून असं कधी बघत नाहीत. नावाड्याच्या सुनेचं काम करणारी मुलगी वेळेआधीच आत आली, दिवेवाल्याला काय करावं ते कळेना आणि त्यानं अंधार केला. तिसऱ्या रांगेत बसलेल्या शिरीषचा हात खिशातल्या फोनवर गेला.

घरी आल्यावर रेवतीनं कर्णिका काढून तिच्या डबीत ठेवली आणि डबी कपाटात टाकली. माझाच कान गेला, यंत्राचा काही दोष नाही, असं ती म्हणाली. मंडळाला तिनं कळवून टाकलं की दुसरं कुणीतरी बघा. ती पुन्हा त्या लगद्यात राहू लागली. शिरीष बोलत तेव्हा ती त्यांच्या ओठांकडे लक्ष देऊन बघायची, न कळलेलं पुन्हा विचारायची. हवं होतं ते असं त्यांच्या पदरात पडलं होतं, आणि ते त्यांना बघवत नव्हतं.

तरीही त्यांनी सांगितलं नसतं. पण मंडळातली ती सुनेचं काम करणारी मुलगी संहितेची प्रत न्यायला आली, तेव्हा तिच्याकडून कळलं की विद्याधर मेंदूच्या तपासणीसाठी कोल्हापूरला जाऊन आलाय. त्याची आई उतारवयात सगळं विसरली होती, शेवटी त्यालाही. त्या प्रयोगात आपण अडलो ते आपल्याला कळलंही नाही, म्हणजे आता आपली पाळी आली, असं त्यानं धरून ठेवलं होतं. नाटक सोडलं होतं, आणि कॉलेजही सोडायच्या गोष्टी करत होता. मुलगी हे रेवतीच्या समोर बसून मोठ्यानं सांगत होती. रेवती उठून आत गेली.

मुलगी गेल्यावर शिरीष स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

“पट्टी मी खाली केली,” ते म्हणाले.

“काय?”

“विद्याधरचा आवाज. यंत्रातला. मी खाली केला.”

“मोठ्यानं बोला. मला नाही कळत.”

कर्णिका लाव, असं म्हणायला त्यांना तोंड नव्हतं. हळू आवाजात कबूल करायची सोय उरली नव्हती. म्हणून मग त्यांनी ते सगळं ओरडून सांगितलं. पान कसं मागितलं, पट्ट्या कशा दिसल्या, करडी कुठं होती आणि केशरी कुठं, त्या सकाळी बोट कसं ठेवलं आणि कुलूप कसं लावलं. वरच्या गॅलरीत कपडे झटकणारा आवाज थांबला होता. शिरीषना ते कळत होतं, तरी त्यांना आवाज खाली आणता येत नव्हता.

रेवतीनं गॅस बंद केला. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

“प्रॉम्प्टर कुणाचं ऐकतो?” ती म्हणाली. “जो अडेल त्याचं. विद्याधर दर प्रयोगाला कुठंतरी अडतो आणि कुठं ते त्यालाही आधी माहीत नसतं. माझा सगळा जीव त्याच्या पुढच्या शब्दात असतो. तुमचं कुठं काय अडतं? तुम्ही इतक्या वर्षांत एकदा तरी अडलात?”

शिरीषच्या छातीवरचं काहीतरी उतरलं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

“एवढ्यावर सुटल्यासारखं वाटून घेऊ नका,” रेवती म्हणाली. “मला त्याचा आवाज आवडतोही. तालमीच्या दिवशी मी वाट बघते. याच्यापलीकडे काही नाही, आणि जे होतं ते माझ्यापाशी होतं. मी ते कुणालाच दाखवलं नव्हतं, मी स्वतःसुद्धा कधी नीट बघितलं नव्हतं. तुम्ही ते उघडून बघितलंत. वर त्याला हात लावलात.”

तिनं पदराला हात पुसले.

“आता जा,” ती म्हणाली. “त्याला सांगा. मी नाही सांगणार, तुम्ही सांगायचं.”

विद्याधरचं घर मांडवीच्या बाजूला होतं. त्यानं शिरीषना आत बसवलं, पाणी आणून दिलं, आणि सगळं ऐकून घेतलं. मग यंत्राविषयी दोनतीन नेमके प्रश्न विचारले. कुलूप म्हणजे काय, ते लावलेलं असताना तिला माझं काहीच ऐकू येत नव्हतं का. खात्री पटल्यावर त्यानं डोळे मिटले.

“शिरीषराव, मी रोज सकाळी उठून वर्गातल्या पोरांची नावं आठवून बघतोय,” तो म्हणाला. “एखादं राहिलं की दिवसभर तेच शोधत राहतो. तुम्हाला कल्पना आहे का याची?”

“नाही,” शिरीष म्हणाले. “माझं चुकलं.”

“चुकलं,” तो म्हणाला. तो आणखीही बोलला, आणि ते सगळं शिरीषनी ऐकून घेतलं. शेवटी राग ओसरला. शिरीष उठणार, तेवढ्यात विद्याधरनं टेबलावरच्या रिकाम्या पेल्याकडे बघत विचारलं,

“त्या पट्ट्यांत माझी केवढी होती?”

शिरीषनी त्याच्याकडे पाहिलं. प्रश्न सहज विचारल्यासारखा दाखवण्याची त्याची धडपड चालली होती, आणि नटाला ती साधत नव्हती. म्हणजे त्याच्या बाजूनंही काही होतं. एक शब्द पुरला असता. मधली होती म्हणून सांगितलं असतं, बारीक होती म्हणून सांगितलं असतं, तर या माणसानं मान हलवून विषय कायमचा मिटवला असता. आणि ते खोटं कुणाला कधी कळलं नसतं.

“ते तिचं आहे,” ते म्हणाले. “मी बघायलाच नको होतं.”

“म्हणजे सांगणार नाही.”

“नाही.”

म्हणता म्हणताच त्यांच्या लक्षात आलं की पट्टी छोटी असती, तर आपण ती सांगून केव्हाच मोकळे झालो असतो, आणि समोरचा माणूस हे ओळखण्याइतका हुशार आहे. विद्याधरनं पेला उगाच थोडा बाजूला सरकवला. त्याच्या चेहऱ्याकडे न बघता शिरीष चपला घालून बाहेर पडले.

घरी आले तेव्हा कर्णिका रेवतीच्या कानात होती. तिनं स्वतः कंपनीला फोन करून ते पान बंद करायला लावलं होतं, साठवलेली सगळी ओढ पुसायला सांगितली होती आणि पासवर्ड बदलला होता. आता सगळ्यांचं पहिल्यापासून, एवढंच ती म्हणाली. मग तिनं विद्याधर काय म्हणाला ते विचारलं. शिरीषनी सांगितलं. तो किती चिडला, त्याला किती हायसं वाटलं, पोरांची नावं आठवत तो कसा बसायचा.

“आणखी काही म्हणाला?”

इथं त्यांना थांबता आलं असतं. ती पुढं काही विचारणार नव्हती.

“तुझ्या कानात त्याची पट्टी केवढी होती, ते विचारलं.”

रेवतीनं त्यांच्याकडे पाहिलं. “तुम्ही काय सांगितलंत?”

“काही नाही. ते तुझं आहे म्हटलं.”

ती खिडकीकडे वळली. पाठमोऱ्या रेवतीचा हात कानापाशी गेला आणि तिनं केसांची बट यंत्रामागं सारली. तिला आनंद झाला होता की भीती वाटली होती, की आणखी काही, हे समजून घ्यायला शिरीषजवळ आता कसलंही पान नव्हतं. ते दाराशी उभे राहून तिच्या पाठीकडे बघत राहिले, जितकं कळेल तितकं.

“हे मला कशाला सांगितलंत?” तिनं न वळता विचारलं.

शिरीषनी बोलायला तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. ती थोडा वेळ थांबली. मग आत निघून गेली.

स्वयंपाकघरात ताट मांडल्याचा आवाज आला. एक. मग बऱ्याच वेळानं, दुसरं.